एकांत, एकटा, एकाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘एकांत’ शब्दाबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. त्याची भावंडं म्हणजे एकटा, एकला, एकाकी, विजन, निवांत. त्यांच्याबद्दलही ओघाने लिहिलं आहे, कारण यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी सर्रास वापरला जातो आणि त्यात एकांताचं नुकसान होतं.

‘एकांत’ म्हणजे नेमकं काय?

आजच्या मराठीत दोन अर्थ आहेत. एक, जिथे माणसांची वर्दळ नाही अशी जागा. दोन, कुणाचा व्यत्यय येणार नाही अशी वेळ किंवा स्थिती. शब्द पुल्लिंगी आहे: तो एकांत, हवाहवासा एकांत. ‘एकांत जागा’ असा विशेषणासारखाही चालतो.

एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. एकांतात एकच माणूस असायला हवा, अशी अट मराठीने कधीच घातलेली नाही. ‘त्या दोघांना जरा एकांत मिळू द्या’ हे वाक्य कुणालाच खटकत नाही. ‘त्या दोघांना जरा एकटेपण मिळू द्या’ म्हटलं तर कानाला लगेच टोचतं. म्हणजे एकांत डोकी मोजत नाही, मध्ये कुणी येणार नाही एवढंच पाहतो. याचं कारण शब्दाच्या घडणीत आहे.

एक + अंत म्हणजे ‘एकाचा शेवट’ का?

नाही. फोड बरोबर आहे, अर्थ चुकतो. मूळ संस्कृत शब्द ‘एकान्त’. आज ‘अंत’ म्हटलं की आपल्याला शेवट किंवा मरण आठवतं, पण संस्कृतात या शब्दाचा पैस मोठा आहे: टोक, कड, सीमा, बाजू. दिशांची कड ती दिगंत, सीमेची कड तो सीमांत. ‘प्रांत’सुद्धा याच घरातला.

तेव्हा एकांत म्हणजे ‘एक बाजू’, ‘एक कड’. पाली भाषेत हा अर्थ अगदी ताजा दिसतो. बौद्ध सुत्तांमध्ये कुणी बुद्धांना भेटायला आला की ठरलेलं वाक्य येतं: तो वंदन करतो आणि ‘एकमन्तं निसीदि’, म्हणजे एका बाजूला बसतो. इथे भोवती कितीही भिक्खू असोत. बसणारा एकटा नाही, फक्त कडेला आहे. बुद्धांच्या पहिल्या प्रवचनात टाळायची म्हणून जी दोन टोकं सांगितली आहेत, त्यांनाही ‘अन्त’ हाच शब्द आहे.

मग ‘एका बाजूला’चा अर्थ ‘माणसांपासून दूर’ कसा झाला?

अगदी साध्या वाटेने. कुणाशी खासगी बोलायचं असेल तर आपण आजही म्हणतो, ‘जरा बाजूला ये’. गर्दीतून बाजूला काढलेली जागा ती एकांताची जागा. दोघांच्या एकांताचं कोडं इथेच सुटतं: बाजूला दोघंही जाऊ शकतात.

पण ही त्याची एक वाट झाली. दुसऱ्या वाटेवर ‘एकच टोक धरलेला’ यावरून ‘निव्वळ, पूर्णपणे’ असा अर्थ आला. कालिदासाच्या मेघदूतातली ओळ प्रसिद्ध आहे: ‘कस्यात्यन्तं सुखमुपनतं दुःखमेकान्ततो वा’. निखळ सुख कुणाच्या वाट्याला आलं, किंवा निव्वळ दुःख तरी कुणाच्या? इथल्या ‘एकान्ततः’चा एकटेपणाशी काही संबंध नाही. मराठीत ही वाट जवळजवळ बुजली आहे. ‘ऐकांतिक’ या शब्दात मात्र ती अजून दिसते. ऐकांतिक भूमिका म्हणजे एकच टोक घट्ट धरून बसलेली, दुसरी बाजू न मानणारी भूमिका. एकांतात बसून घेतलेली भूमिका असा त्याचा अर्थ लावू नये.

गीतेत एकांताचा महिमा आहे ना?

आहे, पण ‘एकांत’ या शब्दाने नव्हे. सहावा अध्याय उघडून पाहा. दहाव्या श्लोकात योग्याने कुठे बसावं ते सांगितलं आहे: ‘रहसि स्थितः एकाकी’. म्हणजे ‘रहस्’ या ठिकाणी, एकट्याने. त्याच अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात ‘एकान्तम्’ येतो, आणि तिथे त्याचा अर्थ ‘अजिबात’ असा आहे: ‘न चैकान्तमनश्नतः’, अजिबात न खाणाऱ्यालाही योग साधत नाही. सहा श्लोकांच्या अंतरात दोन्ही शब्द आहेत आणि आज आपल्याला अपेक्षित असलेलं काम दुसराच शब्द करतो आहे. शब्दांचा इतिहास पाहायला याहून सोयीचं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

त्या ‘रहस्’ची कहाणीही सांगायला हवी. रहस् म्हणजे निवांत, खासगी जागा. तिथे घडतं किंवा बोललं जातं ते ‘रहस्य’. आपण रहस्य म्हणजे गूढ किंवा गुपित एवढंच धरतो, त्याचा जन्म एकांताच्या जागेत झाला हे विसरून गेलो आहोत.

गीतेतला तिसरा शब्द ‘विविक्त’. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘विविक्तदेशसेवित्वम्’ म्हटलं आहे, म्हणजे वेगळ्या, निर्जन ठिकाणी राहण्याची आवड. विविक्त आणि विवेक ही सख्खी भावंडं. दोन्ही ‘वि’ उपसर्ग लागलेल्या ‘विच्’ म्हणजे वेगळं करणे या धातूपासून झाली आहेत. माणसांपासून वेगळी केलेली जागा विविक्त, खऱ्याला खोट्यापासून वेगळं करण्याची शक्ती विवेक. हे नातं मला फार मोलाचं वाटतं. मराठी माणूस ‘शांत बसून विचार कर’ म्हणतो, त्यामागची सगळी समजूत या एका धातूत आहे.

‘एकाकी’ कुठून आला?

संस्कृत ‘एकाकिन्’वरून. पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे: ‘एकादाकिनिच्चासहाये’ (5.3.52). ‘एक’ या शब्दाला ‘असहाय’ या अर्थी ‘आकिनिच्’ प्रत्यय लागतो आणि एकाकिन् तयार होतो. इथला ‘असहाय’ काळजीपूर्वक वाचायचा. सहाय म्हणजे सोबत जाणारा, सोबती. असहाय म्हणजे ज्याच्यासोबत कुणी नाही तो. मराठीत असहायचा अर्थ ‘लाचार, हतबल’ असा होऊन बसला. सोबती नसणं आणि हतबल असणं यांत भाषेने फारसं अंतर ठेवलं नाही.

एकांत या शब्दात उणीव कुठेच नाही. एकाकीच्या व्याख्येतच ती आहे.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात एकाकीपणाचं फार जुनं वर्णन आहे. सृष्टीच्या आरंभी एकच आत्मा होता. त्याला भीती वाटली. ‘तस्मादेकाकी बिभेति’, म्हणून एकाकी माणूस आजही घाबरतो. मग त्याने विचार केला, माझ्यावेगळं काही नाहीच, तर मी भितो कशाला? भीती गेली. गोष्ट इथे संपत नाही. भीती गेल्यावरही त्याला करमेना: ‘स वै नैव रेमे, तस्मादेकाकी न रमते’. म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. भीती विचाराने जाते, पण न करमणं विचाराने जात नाही, हा फरक त्या ऋषीने नेमका टिपला आहे. आणि ‘रमते’ला ‘करमतं’ हा आपला शब्द किती चपखल बसतो तेही पाहण्यासारखं आहे.

‘एकटा’ आणि ‘एकला’ यांत फरक काय?

अर्थात फारसा नाही. ‘एक’ला वेगवेगळे प्रत्यय लागून झालेले हे शब्द आहेत. एकला प्राकृतातल्या ‘एक्कल्ल’वरून आला. हिंदी अकेला, गुजराती एकलो, बंगाली एकला, कोंकणी एकलो हे सगळे त्याच गोतावळ्यातले. मराठीत रोजच्या बोलण्यात एकटा स्थिरावला आणि एकला बराचसा कवितेत आणि लोकगीतांत राहिला.

एकटा, एकाकी, एकांत: नेमका कुठे कोणता वापरायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत महत्त्वाचाही आहे. व्याख्या पाठ करण्यापेक्षा या शब्दांबरोबर कोणती क्रियापदं येतात ते पाहावं.

एकटा असतो, राहतो, जातो, येतो. ही साधी वस्तुस्थिती आहे. ‘ती एकटीच गेली’ या वाक्यात सुख नाही, दुःखही नाही. ‘एकट्याने केलं’ म्हटलं तर अभिमान येतो. ‘एकटा पडला’ म्हटलं तर कणव येते आणि ‘एकटं पाडलं’ म्हटलं तर कुणावर तरी आरोप होतो. भावना क्रियापदातून येते. शब्द फक्त संख्या सांगतो.

एकाकी वाटतं, एकाकी होतो, एकाकी पडतो. ‘एकाकी गेली’ म्हटलं तर ती कुणाशिवाय गेली एवढंच सांगून वाक्य थांबत नाही, तिला सोबत हवी होती हेही सांगतं. माणूस भरल्या घरात एकाकी असू शकतो. भरल्या घरात एकटा असू शकत नाही.

एकांत हवा असतो, मिळतो, लाभतो, शोधावा लागतो, साधावा लागतो, आणि कुणी आलं की भंगतो. ही सगळी मौल्यवान वस्तूबरोबर येणारी क्रियापदं आहेत. एकांत कुणावर कोसळत नाही. भयपटाच्या वर्णनात ‘भयाण एकांत’ येतो खरा, पण तिथे भय दाखवायला ‘भयाण’ हे विशेषण वेगळं जोडावं लागतं.

म्हणून ‘वृद्धांना भेडसावणारा एकांत’ अशी शीर्षकं वाचली की वाईट वाटतं. त्या म्हाताऱ्या माणसांना जो भेडसावतो तो एकाकीपणा. उलट त्यांतल्या कित्येकांना दुपारचा तासभर एकांत हवा असतो, तो घरात मिळत नाही, आणि हे त्यांना सांगताही येत नाही, कारण ‘एकांत हवा’ म्हटलं की घरचे समजतात यांचं काहीतरी बिनसलंय. शब्द सैल झाला की मागणी करणाऱ्या माणसाची अडचण होते ती अशी.

तुकोबांच्या ‘एकांताचा वास’ मधला वास म्हणजे सुगंध का?

नाही. वास म्हणजे वस्ती, राहणं. वनवास, निवास, सहवास यांतला वास. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगातली पुढची ओळ आहे: ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’. या सुखामुळे एकांतात राहणं आवडू लागतं.

या अभंगात शब्द कसा वापरला आहे ते पाहा. एकांतात तुकोबांच्या भोवती कोण आहे? झाडं, वेली, रानातले प्राणी, गोड आवाजात आळवणारे पक्षी, आणि हे सगळे ‘सोयरे’. शेवटी ‘होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी’. स्वतःशीच बोलणं आणि स्वतःशीच वाद. म्हणजे या एकांतात गोतावळा आहे, संभाषण आहे, भांडणसुद्धा आहे. नाहीत ती फक्त गुणदोष काढणारी माणसं, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे: ‘नाही गुण दोष अंगा येत’. देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर ते जाऊन बसत ते यासाठी. मराठीत एकांताला जो अर्थ आज आहे, तो या एका अभंगात भरून आहे असं मी मानतो.

जैनांच्या ‘अनेकांतवादा’तला एकांत हाच का?

शब्द तोच, वाट दुसरी. इथे अंत म्हणजे वस्तूची बाजू किंवा धर्म, म्हणजे तिचा गुण. कुठल्याही वस्तूला अनेक बाजू असतात, म्हणून अन् + एक + अंत, अनेकांत. एकच बाजू पकडून तेवढंच सत्य मानणं हा एकांत, आणि जैन तत्त्वज्ञानात तो दोष आहे. जुना दाखला आहे सोन्याच्या घटाचा. घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता त्याच्या लेखी वस्तू नष्ट झाली, ज्याला मुकुट हवा होता त्याच्या लेखी ती जन्मली, आणि ज्याला सोनंच हवं होतं त्याच्या लेखी काहीच बदललं नाही. तिघेही आपापल्या बाजूने बरोबर. ‘नष्टच झाली’ असा एकाने हट्ट धरला की तो एकांतवाद. त्यामुळे जैन ग्रंथ वाचताना ‘एकांत सोडावा’ असं दिसलं तर ते माणसांत मिसळण्याबद्दल नाही, हट्ट सोडण्याबद्दल आहे.

‘खलबत’ आणि एकांत यांचा संबंध काय?

थेट. अरबीतला ‘खल्वत’ म्हणजे एकांत. सूफी साधक ध्यानासाठी काही काळ माणसांपासून दूर बसतात त्यालाही खल्वत म्हणतात. फारसीतून हा शब्द मराठी राज्यकारभारात आला तो खासगी मसलतीच्या अर्थाने. रायगडावर खलबतखाना आहे, तो या मसलतींसाठी. पुढे ‘त्यांची काय खलबतं चाललीत’ असा संशयाचा वास त्याला लागला. रहस् पासून रहस्य आणि खल्वत पासून खलबत: दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांत एकांताच्या शब्दांनी गुपिताकडेच वळण घेतलं.

एकांडा, एकलकोंडा, सडाफटिंग हे शब्द कसे वेगळे?

हे तिन्ही स्थितीपेक्षा माणसाचं वर्णन करतात. एकांडा हा लष्करी शब्द. मराठा फौजेत कुणाच्या पथकात न राहता स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन एकेकटे चाकरीला येणारे स्वार ते एकांडे. म्हणून ‘एकांडा शिलेदार’ आज कौतुकाने म्हटलं जातं: कुणाच्या पाठबळाशिवाय लढणारा. एकलकोंडा मात्र तक्रारीचा शब्द आहे, लोकांत मिसळायला नको असणारा. माझ्या मते तो लहान मुलांवर फार लवकर चिकटवला जातो. जे मूल एका कोपऱ्यात तासभर रमतं ते करमत असल्यामुळे बसलेलं असतं. सडाफटिंग म्हणजे बायकापोरांची जबाबदारी नसलेला, मोकळा. ‘एकटा जीव सदाशिव’ तोच.

निवांत आणि विजन?

निवांतचं नातं संस्कृत ‘निवात’शी, म्हणजे वारा नसलेली जागा. गीतेत स्थिर चित्ताला निवात ठिकाणच्या दिव्याची उपमा आहे. वारा गेला, स्वस्थता उरली. विजन म्हणजे जन नसलेलं ठिकाण. विजनवास बहुधा लादलेला असतो, म्हणून सत्ता गेलेल्या पुढाऱ्याचा ‘राजकीय विजनवास’ म्हणतात, ‘राजकीय एकांतवास’ म्हणत नाहीत.

‘केवळ’ हाही याच अर्थाचा शब्द आहे, हे खरं का?

हो. संस्कृत ‘केवल’ म्हणजे एकटा, निखळ, दुसरं काही न मिसळलेला. त्यावरून कैवल्य. योगसूत्रांच्या चार पादांपैकी शेवटचा कैवल्यपाद. पुरुष म्हणजे शुद्ध चैतन्य, ते प्रकृतीपासून म्हणजे जड सृष्टीपासून पूर्ण वेगळं होऊन स्वतःच्या रूपात राहणं, ही तिथली सर्वोच्च अवस्था. आपण ‘केवळ दहा मिनिटं’ म्हणतो तेव्हा हाच शब्द वापरतो.

एकांत आणि खासगीपणा एकच का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी जो मूलभूत हक्क मान्य केला, त्याला मराठीत खासगीपणाचा किंवा गोपनीयतेचा हक्क म्हणतात. त्यात आपली माहिती, शरीर, निर्णय यांवर आपला ताबा येतो. गर्दीच्या रस्त्यावर चालतानाही माणसाला खासगीपणाचा हक्क असतो. एकांत तिथे नसतो.

‘लोनलीनेस’ला मराठीत काय म्हणावं?

एकाकीपणा. ‘सॉलिट्यूड’ला एकांत, ‘अलोन’ला एकटा. 2018 मध्ये ब्रिटनने आणि 2021 मध्ये जपानने ज्या प्रश्नासाठी मंत्री नेमले, आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्यासाठी आयोग स्थापन केला, तो एकाकीपणाचा प्रश्न आहे. त्या बातम्यांत ‘एकांत’ लिहिणं चूक. 2020 पासून घराघरांत पोचलेलं ‘विलगीकरण’ आणखी निराळं. ती वैद्यकीय उपाययोजना आहे, तिला मनाच्या अवस्थेचं नाव देऊ नये.

एकांतचा विरुद्धार्थी शब्द?

‘लोकांत’. एकांती आणि लोकांती अशी जोडी मराठीत रूढ आहे. तो आता कमी ऐकू येतो, पण वापरायला हरकत नाही, कुणालाही लगेच कळतो.

शुद्धलेखन कसं?

‘एकांत’ असा अनुस्वार देऊन लिहावं. तत्सम शब्द असल्याने ‘एकान्त’ हा पर्यायही नियमांत बसतो, फक्त एका लेखात एकच रूप ठेवावं. ‘एकाकी’तला की दीर्घ, ‘एकाकीपण’ आणि ‘एकाकीपणा’तलाही. ‘एकाकित्व’ लिहिताना मात्र कि ऱ्हस्व, कारण तिथे मूळ शब्द एकाकिन् पुढे येतो, जसं स्वामी पण स्वामित्व. ‘एकाएकी’ म्हणजे अचानक, तो एकाकीच्या जागी घालू नये. आणि ‘एकांकिके’चा एकांताशी काही संबंध नाही. तिची फोड एक + अंक: एका अंकाचं नाटक.